पोथीतली दोन पानं : ‘पुस्तकांची जादू’ हा विषय संशोधनाचा प्रश्न कसा होतो?



पेट झाली, मुलाखत जवळ आली की तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो : “विषय काय घेऊ?” साहित्याच्या विद्यार्थ्यांकडून गेल्या काही महिन्यांत आणखी एक वाक्य वारंवार ऐकलं. “मला फँटसी आवडते, पुस्तकांच्या जादूवर काही करता येईल का?” करता येईल. माझा स्वतःचा विषय त्याच वाटेवरचा आहे. पण आधी तो कसा आपटला ते सांगते, कारण तुमच्या उपयोगाचा भाग तोच आहे.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं ‘समकालीन फँटसी कादंबरीतील पुस्तकांचे जादुई विश्व : एक चिकित्सक अभ्यास’. वाचायला बरं वाटतं, नाही? मलाही वाटलं होतं. उद्दिष्टं पाच, गृहीतकं तीन, प्रकरणं सहा, सगळं जागच्या जागी. आरआरसीच्या बैठकीत एका सरांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि विचारलं, “हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं दिसतंय. माहीत नाही असं काय आहे?”

मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस ‘सुधारणेसह पुन्हा सादर करा’ असा शेरा घेऊन परत आला. कल्याणहून मुरबाडच्या एसटीत बसले तेव्हा त्या सरांचा राग आला होता. टिटवाळ्याचा फाटा मागे पडेपर्यंत तो टिकला. मग लक्षात आलं की माझ्या तिन्ही गृहीतकांत चुकण्यासारखं काहीच नव्हतं. ‘पुस्तके वाचकाला वेगळ्या विश्वात नेतात.’ याला कोण नाही म्हणणार? आणि ज्याला कोणी नाही म्हणूच शकत नाही, ते सिद्ध करायला तीन-चार वर्षं कशाला घालवायची?

म्हणून आज एकच कादंबरी घेऊ आणि तिच्यातून प्रश्न कसा काढायचा ते करून बघू.

कादंबरी आहे कॉर्नेलिया फुंके या जर्मन लेखिकेची ‘इंकहार्ट’. मूळ जर्मन नाव ‘टिंटेनहेर्त्स’, साल 2003. पुढचे दोन भाग 2005 आणि 2007 मध्ये आले. (चौथाही आलाय, 2023 मध्ये, पण तो तूर्त बाजूला ठेवू.) गोष्ट थोडक्यात अशी. मेगी ही बारा वर्षांची मुलगी. तिचा बाप मो जुन्या पुस्तकांची बांधणी करतो. घरात भिंतीभिंतीला पुस्तकं, पण बाप तिला कधीच मोठ्याने वाचून दाखवत नाही. कारण नंतर कळतं. नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो ‘इंकहार्ट’ नावाचंच पुस्तक मोठ्याने वाचत असताना त्यातली तीन माणसं घरात अवतरली. कॅप्रिकॉर्न हा खलनायक, त्याचा चाकूवाला साथीदार बास्ता आणि आगीचे खेळ करणारा डस्टफिंगर. आणि त्याच क्षणी मेगीची आई, रेसा, घरातून नाहीशी झाली. ती पुस्तकात गेली.

आता इथे आपण वाचक म्हणून ‘वा!’ म्हणतो. संशोधक म्हणून काय करायचं? जादूचे नियम लिहून काढायचे. फँटसीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी करायला सांगते, कारण फँटसीत लेखकाचं म्हणणं बऱ्याचदा पात्रांच्या तोंडी येत नाही, ते नियमांत असतं. काय चालतं, काय चालत नाही, किंमत कोण मोजतो, चूक झाली तर काय होतं.

‘इंकहार्ट’चे नियम मी वहीत लिहिले तेव्हा पहिलाच नियम असा निघाला की मनात वाचून काही होत नाही. मो रोज वाचतो, मेगी उशीखाली पुस्तक घेऊन झोपते, मेगीच्या आईची आत्या एलिनॉर हिच्या वाड्यात तर दुर्मिळ ग्रंथांचा खजिना आहे, पण एकही पान आपणहून जादू करत नाही. आवाज लागतो. दुसरं, आवाजही कुणाचाही चालत नाही. कॅप्रिकॉर्नकडे दारियुस नावाचा दुसरा वाचक आहे. तो भीतीने अडखळत वाचतो, त्यामुळे त्याने वाचून बाहेर काढलेली माणसं काहीतरी व्यंग घेऊन येतात. रेसाला पुस्तकातून परत आणणारा तोच, आणि ती परत येते ती आपला आवाज गमावून. तिसरं, काही बाहेर आलं तर काही आत जाऊ शकतं, आणि काय जाणार हे वाचणाऱ्याच्या हातात नसतं. चौथं मला सगळ्यात गमतीचं वाटतं. मूळ पुस्तकाचा लेखक फेनोलिओ जिवंत आहे, भेटतो, आपली पात्रं समोर बघून हरखतो. पण त्याच्या स्वतःच्या वाचण्याने काही होत नाही. शेवटी तो नवा मजकूर लिहितो आणि तो मेगीला वाचावा लागतो. खलनायकाच्या मरणाच्या ओळींशी ती थबकते आणि उरलेलं मो वाचून पुरं करतो. लिहिणारा एक, वाचणारे दुसरे.

हे चार नियम एकाखाली एक ठेवल्यावर माझं ‘पुस्तकांचे जादुई विश्व’ हे शीर्षक चुकीचं आहे हे दिसलं. या कादंबरीत जादू पुस्तकाची नाहीच. ती मोठ्याने वाचण्याची आहे. जर्मनमध्ये मोचं टोपणनाव ‘झाउबरत्सुंगे’ आहे, म्हणजे शब्दशः ‘जादूची जीभ’. अँथिया बेल यांच्या इंग्रजी अनुवादात ते ‘सिल्व्हरटंग’ झालं, आणि इंग्रजीत चांदीची जीभ म्हणजे गोड बोलून पटवणारा माणूस. आपल्याकडे ज्याचं वाईट बोलणं खरं होतं त्याला काळ्या जिभेचा म्हणतात. मो बिचारा खरं तर तसा आहे. मी कादंबरी इंग्रजीतून वाचली आहे, जर्मन मला येत नाही, आणि हे प्रबंधात पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहावं लागतं. अनुवादावर काम करायला हरकत नाही. मात्र ज्या शब्दावर तुमचा मुद्दा उभा आहे तो मूळ भाषेत काय आहे, एवढं तरी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता प्रश्न. एकविसाव्या शतकातली, छापील, जगभर खपलेली कादंबरी, जी बहुतेक लोक एकट्याने मनातल्या मनात वाचतात, ती जादू मात्र मोठ्याने वाचण्यात का ठेवते? हे मला माहीत नव्हतं. यावर दोन माणसं वेगवेगळी उत्तरं देऊ शकतात. म्हणजे हा प्रश्न आहे.

*

इथपर्यंत आल्यावर साहित्य आढावा सुरू होतो. वॉल्टर ऑंगचं ‘ओरॅलिटी अँड लिटरसी’ (1982) तुम्हाला लागणारच. मौखिक समाजात शब्द ही घटना असते, लिहिल्यावर ती वस्तू होते, असा त्याच्या मांडणीचा एक धागा आहे. मनातल्या मनात वाचणं ही तशी उशिरा रुळलेली सवय आहे. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकातल्या मिलानच्या बिशप अँब्रोजला ओठ न हलवता वाचताना पाहिलं आणि त्याची मुद्दाम नोंद करून ठेवली, हा दाखला या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात येतो. पॉल सेंगरने ‘स्पेस बिटवीन वर्ड्स’ (1997) मध्ये दाखवलं की युरोपात हस्तलिखितांत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडायला लागल्यावर मूक वाचन सोपं झालं.

हे वाचताना मला आमची हस्तलिखितं आठवली. मराठीतल्या जुन्या पोथ्या कधी पाहिल्या आहेत का? ओळ सलग असते. शब्द तोडलेले नसतात. कुठे थांबायचं, कुठे शब्द संपला, हे जीभ ठरवते. ती सलग ओळ नुसत्या डोळ्यांनी वाचून बघा, दुसऱ्या ओवीशी अडकाल. गुणगुणत वाचलीत की छंदच तुम्हाला शब्द तोडून देतो. म्हणजे सेंगरने युरोपविषयी जे म्हटलं ते आपल्या ओवीला कितपत लागू पडतं, हा आणखी एक प्रश्न. त्याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

वाचणारा आवाज तुटला तर काय होतं, त्याचं उदाहरण आमच्या भागातच आहे. मुरबाडकडून वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलात की वरच्या गुहेत सातवाहनांचा लेख दिसतो. नागनिका राणीच्या नावाने ओळखला जातो. यज्ञ, दक्षिणा, गायी, आकडे असं सगळं त्यात कोरलेलं आहे. कित्येक शतकं त्या वाटेने माणसं ये-जा करत होती आणि अक्षरं समोर असून ती वाचणारं कोणी उरलं नव्हतं. जेम्स प्रिन्सेपने 1837 मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, त्यानंतर असे लेख पुन्हा बोलायला लागले. एमएच्या पहिल्या वर्षी तिथे गेले होते तेव्हा आम्ही सेल्फी काढले आणि वडापाव खाऊन उतरलो. त्या भिंतीचा माझ्या विषयाशी काही संबंध असेल असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

*

खरी गोष्ट आता. ती मी सिनॉप्सिसमध्ये लिहिली नव्हती, कारण ‘घरगुती’ वाटत होती.

आमच्या आजीच्या घरी श्रावणात पोथी लागायची. ‘नवनाथ भक्तिसार’. धुंडिसुत मालू कवीने शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली, पूर्ण केलेला ग्रंथ. चाळीस अध्याय, सुमारे साडेसात हजार ओव्या. मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, जालिंदरनाथ, कानिफनाथ यांच्या कथा, आणि त्या कथांत मंत्र, अस्त्रं, भस्म, आकाशात उडणं, मेलेलं माणूस उठवणं. फँटसी म्हणून शिकवायला घेतली तर मुलं हॅरी पॉटर खाली ठेवतील. पण ती आमच्याकडे फँटसी म्हणून वाचली जात नाही, आणि तुलना करताना हा फरक पुसून टाकणं ही मोठी चूक ठरेल. मी ती केली होती. ‘मराठी फँटसीची परंपरा’ असं उपप्रकरण करून नवनाथांना त्यात टाकलं होतं. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने जी घडलेली गोष्ट आहे तिला तुम्ही कल्पित साहित्य म्हणता, तेव्हा तो वर्ग तुमचा असतो, त्यांचा नसतो. निदान तसं लिहा तरी.

या ग्रंथाची फलश्रुती हा माझ्या कामाचा गाभा आहे. बहुतेक पोथ्यांच्या शेवटी ‘हे वाचल्याने अमुक मिळेल’ असं असतंच. नवनाथांत अध्यायागणिक वेगळं फळ सांगितलेलं आहे. आजार, संतती, बाधा, अडलेली कामं, ज्याला जे हवं त्याने तो अध्याय वाचावा. ‘गुरुचरित्रा’तही लोकांनी असे अध्याय वेगळे काढलेत. चौदावा संकटासाठी वाचतात, अठरावा दारिद्र्य जावं म्हणून. त्या अठराव्यात गुरू गरीब ब्राह्मणाच्या दारातला घेवड्याचा वेल उपटून टाकतात आणि त्याच्या मुळाशी धनाचा हंडा सापडतो. मजकुरात जे घडतं तेच वाचणाऱ्याच्या घरात घडेल, असा हा हिशेब आहे. ‘इंकहार्ट’मध्ये मो ‘ट्रेझर आयलंड’ वाचतो आणि कॅप्रिकॉर्नच्या समोर सोन्याची नाणी पडतात. यंत्रणा किती जवळची आहे बघा. आणि नियमही तेच : आवाज, शुद्ध उच्चार, खंड नको, चूक नको.

मी बारा वर्षांची होते. पोथी काका वाचायचे. ते आसनगावला एका कंपनीत होते, रोज लोकल आणि जीप करून यायचे, हातपाय धुवून पाटावर बसायचे. त्या वर्षी श्रावणाच्या मधल्या आठवड्यात त्यांना ताप भरला आणि शहापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. पोथी खंडित करायची नाही. घरात वाचता येणारी मोठी माणसं नव्हती आणि चुलतभाऊ दुसरीत. शेजारच्या एका काकूंनी “पोरीने वाचायची का?” असं विचारलंच. गुरुचरित्र बायकांनी वाचू नये हा संकेत अनेक घरांत आजही पाळतात, त्याचीच छाया नवनाथांवर पडलेली असते. आजीने ऐकून घेतलं आणि मला पाटावर बसवलं.

तीन दिवस मी वाचलं. पहिल्या दिवशी आवाज थरथरला, दुसऱ्या दिवशी चाल सापडली. तिसऱ्या दिवशी शाळेची चाचणी होती, अध्याय संपता संपेना, बाहेर पाऊस, ओसरीवर बायका पेंगत होत्या. मी दोन पानं एकदम उलटली. आडव्या पोथीची पानं सुटी असतात, कोणाला कळणार? आजीने फक्त एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं. मी तशीच पुढे वाचत राहिले.

त्या वर्षी परतीचा पाऊस ऐन कापणीला आला. कापून ठेवलेलं भात शेतात भिजलं, लोंब्यांना कोंब फुटले. घरात कोणी मला काही म्हटलं नाही. मी मात्र कोणाला न सांगता ठरवून टाकलं की हे माझ्यामुळे झालं. बरीच वर्षं तसंच मानत होते. बीएला तर्कशास्त्र शिकले, ‘नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले’ हा तर्कदोष परीक्षेत नीट लिहिला, सहापैकी पाच मार्क पडले, आणि तरी पोटात ते होतंच.

‘इंकहार्ट’मधला दारियुस वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

*

संशोधनात याला काय म्हणतात? रिफ्लेक्सिव्हिटी. आपण अभ्यासविषयाच्या कुठे उभे आहोत ते वाचकाला दाखवणं. अनेकजण प्रस्तावनेत ‘मी याच समाजातून येते/येतो’ असं एक वाक्य टाकून मोकळे होतात. ते पुरत नाही. तुम्ही जे मानत होतात त्याने तुमचे प्रश्न कसे वाकले, हे सांगायचं असतं. माझा प्रश्न इतके दिवस ‘चूक झाल्यावर काय होतं?’ इथेच अडकलेला होता, कारण मला शिक्षेची भीती होती. ‘चूक झाल्यावर लोक काय करतात?’ हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

चमत्काराकडे कसं बघायचं हेही इथेच येतं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती तेरा दिवसांनी कोरडी वर आली, ही मराठीतली पुस्तकाच्या जादूची सगळ्यात मोठी गोष्ट. अठराव्या शतकात महिपतीने ती विस्ताराने सांगितली. ‘वह्या खरंच तरल्या का?’ या प्रश्नावर साहित्याचा संशोधक फार पुढे जाऊ शकत नाही. पण कोणाला लिहिण्याचा अधिकार नाकारला होता, बुडवायला का सांगितलं, आणि वह्या नसत्या तरी लोकांच्या तोंडी अभंग होतेच की, मग या गोष्टीत वह्या वर येण्याची गरज कोणाला होती, हे प्रश्न विचारता येतात. श्रद्धा खरी की खोटी हा निवाडा करायला तुम्हाला फेलोशिप मिळत नाही.

सैद्धांतिक बाजूला मला सगळ्यात जास्त मदत झाली ती जे. एल. ऑस्टिनची. ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स’ (1962). काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती काम करतात. ‘मी या जहाजाला अमुक नाव देतो’ म्हटलं की नाव पडतं. मात्र बोलणारा अधिकृत हवा, प्रसंग योग्य हवा, पद्धत बरोबर हवी. यातलं एक चुकलं तर वाक्य फुकट जातं. पोथीवाचनाचे नियम ऑस्टिनच्या अटींशेजारी ठेवून पाहा.

आणि फक्त पोथीच का? शहापूर-मुरबाडमधल्या ठाकर, कातकरी, वारली पाड्यांवर गेलात तर ‘यांच्याकडे पुस्तक नाही, मौखिक परंपरा आहे’ असं लिहून मोकळे होऊ नका. गाणी आणि भगताचे मंत्र आहेत हे खरं. पण ‘कागद’ तिथेही आहे आणि त्याची ताकद सगळ्यांना पक्की ठाऊक आहे. सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन आपली, नाही लागलं की नाही, मग आजोबा-पणजोबांनी ती कितीही कसली असो. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा दावा, जातीचा दाखला, भातसा धरणात गेलेल्या जमिनीची कागदपत्रं. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. एका म्हाताऱ्या बाबांनी मला प्लास्टिकच्या पिशवीतून, आत आणखी एका पिशवीतून, घड्या पडून फाटलेला कागद काढून दाखवला आणि म्हणाले, “वाच. मोठ्यानं वाच.” त्यांना मजकूर पाठ होता. तरी दर नव्या शिकलेल्या माणसाकडून ते तो वाचून घेत. ऑंग, ऑस्टिन सगळे एका बाजूला, मला त्या क्षणी मोची आठवण झाली.

*

क्षेत्रकामाबद्दल थोडं, कारण त्याबद्दल कोणी सांगत नाही. श्रावणात पोथी ऐकायला जायचं तर लावणी उरकलेली आहे का ते आधी विचारा. दुपारी जाऊ नका. रेकॉर्डिंगची परवानगी वाचणाऱ्याची घेता तशी ऐकणाऱ्यांचीही घ्या. पोथीचा मजकूर बाजारात मिळतो, तो रेकॉर्ड करायला गेलेला नाही आहात; मध्येच कोण काय विचारतं, अर्थ कोण सांगतं, कुठे बायका डोळ्यांना पदर लावतात, कुठे सगळे हसतात, ते टिपा. आणि परवानगी मिळाली तर पोथी हातात घेऊन बघा. रॉबर्ट डार्नटनने 1982 मध्ये ‘पुस्तकांचा इतिहास म्हणजे काय?’ या निबंधात लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता, वाचक असं वर्तुळ आखलं. आमच्या पोथीवर मी ते बसवून पाहिलं. ती आजोबांनी म्हसाच्या जत्रेत घेतली असं घरात सांगतात. पहिल्या पानावर मागच्या बाजूला तीन जन्मतारखा आहेत, एक उसनवारीचा आकडा आहे, आणि ज्यांना ती वाचायला दिली होती त्यांची नावं. हळदीकुंकवाची बोटं कोणत्या अध्यायावर जास्त आहेत हे बघितलं की घरात कोणती अडचण होती ते कळतं. छापील पुस्तक एकसारखं असतं असं आपण शिकतो. ही प्रत कुणासारखीच नाही. एकेकाळी छापील शाईत चरबी असते या शंकेने लोक छापील पोथी सोवळ्यात घेत नसत आणि म्हणून तुपातल्या शाईने पोथ्या छापल्या गेल्या. ‘शाईचं काळीज’ नावाच्या कादंबरीवर काम करणारीने ही नोंद सोडावी कशी?

तर, आजीची मुलाखत. ती मी सगळ्यात शेवटी घेतली. घरच्या माणसाची कसली मुलाखत, हा आळस, आणि दुसरं कारण तुम्हाला माहीत आहेच. प्रश्नावली होती, फोन रेकॉर्डिंगला लावला होता. सातव्या प्रश्नाला, “वाचताना चूक झाली तर?”, माझा आवाज बदलला असणार. कारण तिने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं, तसंच, मान वर करून.

“तू दोन पाना सोडलीस ती?” ती म्हणाली. “मना तवाच समजला. कानिफाची गोष्ट आली व्हती नि मधीच दुसराच काय तरी चालू झाला.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तू ल्हान व्हतीस, बाय. तुझा काका घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून वाचून घेतली ती पाना. दिवा लावला, नारळ फोडला. झाला.”

मी भाताचं विचारलं. म्हणजे विचारायचं नव्हतं, प्रश्नावलीत नव्हतं, पण विचारलं.

ती हसायलाच लागली. “भात तं सगल्या गावाचा गेला त्या वर्षी. सगल्या गावानं काय पाना सोडली व्हती?”

रेकॉर्डिंगमध्ये पुढे जवळजवळ मिनिटभर काही नाही, फक्त पत्र्यावर पाऊस वाजतोय. लिप्यंतर करताना गाइडनी सांगितलं की ते मिनिट गाळू नकोस, ‘विराम, 50 सेकंद’ असं लिही.

त्या मुलाखतीने माझा प्रबंध बदलला. ‘इंकहार्ट’मध्ये चुकीच्या वाचनाला दुरुस्ती जवळजवळ नाही. रेसाचा आवाज गेला तो त्या पहिल्या कादंबरीत शेवटपर्यंत परत येत नाही. पोथीच्या घरात मात्र नियम तितकेच कडक सांगितले जातात आणि चूक झाली की दुरुस्तीची सोयही तयार असते : राहिलेलं वाचून घ्यायचं, दिवा, नारळ. हा फरक मला कोणत्याही संदर्भग्रंथात मिळाला नव्हता. त्यानंतर मुरबाडमधल्या चार आणि शहापूरमधल्या तीन घरांत मी हेच विचारलं, आणि सातही ठिकाणी दुरुस्तीची रीत वेगळी निघाली. एका घरी तर पोथी चुकली की वाचणाऱ्याला चहा पाजून तोच अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसवतात. शिक्षा की सोय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुधारलेला सिनॉप्सिस या प्रश्नावर मंजूर झाला : मोठ्याने वाचण्यातून घडणाऱ्या परिणामाची कल्पना समकालीन फँटसीत आणि पोथीवाचनात कशी रचली जाते, आणि चुकलेल्या वाचनाचं दोन्हीकडे काय होतं? शीर्षकात ‘जादू’ हा शब्द नाही. बैठकीला तेच सर होते. या वेळी त्यांनी विचारलं, की पोथी वाचणाऱ्यांत बायका किती सापडल्या. सात घरांत दोन, असं मी सांगितलं. “मग तिसरं प्रकरण तेच करा,” ते म्हणाले.

ते प्रकरण सध्या लिहिते आहे. या श्रावणात पोथी काकांची मुलगी वाचणार आहे. ती नववीत आहे आणि तिने आत्ताच विचारून ठेवलंय, की तिचा आवाज रेकॉर्ड करणार असेन तर संमतीपत्रावर तिची सही लागेल की तिच्या बाबांची. दोघांचीही लागते. तुमच्यापैकी जे शाळकरी मुलांबरोबर काम करणार आहेत त्यांनी हे एथिक्स कमिटीचा फॉर्म भरायच्या आधीच लक्षात घ्या, माझा एक महिना त्यात गेला.